पहिल्या नंबराचा मान

नारळी पौर्णिमेला आमच्या गावात समुद्राला पहिला नारळ पाटलांच्या घरचा जातो. बाकीचे सगळे आपापला नारळ हातात धरून थांबलेले असतात. पाटलांचा पाण्यात पडला, की मग आमचे. याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. समुद्राला त्यानं काही फरक पडत नाही, आणि पाटलांना पडतो. पण तोच मान धर्माजी पाटलानं कॉम्प्युटरच्या तारेत मागितला आणि त्यातून जे झालं त्याचं खापर एका मुलीच्या डोक्यावर फोडलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ती मुलगी म्हणजे प्रणाली. मी मुरुडच्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले आणि माहेरच्या घरी येऊन राहिले, त्यामुळे गावातल्या लहानथोरांची मी केसरआत्या. रविवारी सकाळी मच्छीमार सोसायटीच्या माडीवर मुलं जमवते आणि जे येतं ते शिकवते. वीज, होकायंत्र, घड्याळ, कॉम्प्युटर, ज्याला जे आवडेल ते. प्रणाली चौथीत असल्यापासून तिथं यायची. प्रश्न विचारून जीव खायची, आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा. तिची आई सोनाबाई सुक्या मासळीचा धंदा करते. बारावीनंतर प्रणालीनं अलिबागला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि यंदा सोसायटीनं तिला ऑफिसात उमेदवारीवर घेतलं. कायम करायचं की नाही, ते कमिटी पुढं ठरवणार होती.

सोसायटीचं ऑफिस रस्त्यावर, बर्फाचा कारखाना खाडीकडे आणि डिझेलचा पंप धक्क्यावर. तिन्ही ठिकाणची यंत्रं तारेनं जोडलेली आहेत. बोटवाला ऑफिसात येऊन किती लाद्या बर्फ, किती डिझेल ते सांगतो, ऑफिसातलं यंत्र ते टिपतं, आणि तिकडे कारखान्यात नि पंपावर त्याची चिठ्ठी छापून निघते. चिठ्ठीशिवाय कारखान्यातला माणूस एक लादी देत नाही. तोंडी शब्दावर पूर्वी दिल्या जात, आणि मग धक्क्यावर मारामाऱ्या होत. हे सगळं चालवणारा प्रोग्रॅम वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेला. लिहिणारा आता कुठं आहे, कुणालाच माहीत नाही. त्या प्रोग्रॅमला प्रत्येक यंत्राचा नंबर ठरलेला लागतो. नवी यंत्रं नंबर आपोआप वाटून घेतात, तसं याला जमत नाही.

जूनमध्ये वीज पडली आणि राऊटर जळला. राऊटर म्हणजे काय, ते मुलांना सांगताना मी एक खेळ घेते. मुलांचे तीन घोळके तीन कोपऱ्यांत बसवायचे. प्रत्येक कोपऱ्यात मुलांना एक, दोन, तीन असे नंबर, प्रत्येक कोपऱ्याची मोजणी वेगळी. आपल्याच कोपऱ्यातल्या कुणाला चिठ्ठी द्यायची, तर सरळ हातात द्या. दुसऱ्या कोपऱ्यात पाठवायची, तर मधे उभ्या असलेल्या मुलाकडे द्या. कुठली चिठ्ठी कुठं जाते, हे त्यालाच ठाऊक असतं. तो मधला म्हणजे राऊटर. तो तिन्ही कोपऱ्यांत हजर धरायचा, आणि प्रत्येक कोपऱ्यातला पहिला, म्हणजे एक नंबर त्याचा. म्हणजे कुणाला विचारत बसावं लागत नाही. बाहेरची चिठ्ठी असली, की दिली एक नंबरला.

सोसायटीनं जुन्याच जातीचा एक वापरलेला राऊटर मिळवला. पावसाळ्यासाठी बोटी वर ओढलेल्या होत्या तेव्हा प्रणालीनं तो बसवला. मी शेजारी खुर्ची टाकून बसत असे, पण हात तिचाच होता. एक पोर्ट, म्हणजे तार खोचायची जागा, ऑफिसला, एक कारखान्याला, एक पंपाला, चौथं रिकामं. कारखान्यातल्या यंत्राचं कार्ड इतकं जुनं, की नव्या वेगानं पाठवलेलं त्याला उमगत नव्हतं. पहिल्या दिवशी तिकडून नुसती अर्धीमुर्धी अक्षरं छापून आली. तिनं स्वतः शोधून त्या पोर्टचा वेग कमी करून बांधून टाकला आणि मग मला म्हणाली, “आत्या, म्हाताऱ्या माणसाशी हळू बोलावं लागतं.” मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा मान खाली घालून हसली.

मग प्रत्येक यंत्राशी जाऊन तिनं हातानं नंबर घातले. ऑफिसात राऊटर एक, मुख्य यंत्र दोन, मग दारापासून आत जाता जाता पुढचे. चेअरमन धर्माजी पाटलाची केबिन सगळ्यात आत, म्हणून तिथल्या यंत्राला नऊ आला. यात तिच्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

हंगामाआधी ऑफिसात पूजा झाली. प्रसाद वाटून झाल्यावर कुणीतरी प्रणालीला विचारलं, की बाई गं, हे नक्की चालतं तरी कसं. तिला तेवढंच हवं होतं. माडीवर मी सांगते तसंच तिनं सांगितलं. बाहेर जाणारी प्रत्येक चिठ्ठी आधी एक नंबरकडे जाते, एक नंबर राऊटरचा, आणि मग बाकीच्यांचे नंबर तिनं एकेक करून सांगितले. निकेश, एका बोटीचा तांडेल म्हणजे म्होरक्या, दारात उभा होता. त्याचं नि धर्माजीचं मागच्या निवडणुकीपासून बरं नाही. तो पेढा चघळत म्हणाला, “म्हंजे पाटील नवव्या नंबरावर. पह्यला मान त्या डब्याचा.”

सगळे हसले. धर्माजीही हसला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हे हसणं ओठांपुरतंच आहे.

दोन-तीन दिवसांनी चिठ्ठ्या थांबल्या. पहाटे सगळं सुरळीत असायचं. पहाटे बर्फ घेऊन गेलेल्या बोटी गेल्या, पण उजाडल्यावर आलेल्यांना चिठ्ठी नाही. कारखान्यातून फोनवर फोन. दुपारी अचानक चालू, पुन्हा बंद. धक्क्यावर खलाशी ताटकळत बसले, आणि पकडून आणलेल्या मासळीवर घालायला बर्फ नसला म्हणजे काय होतं, ते कोळ्याच्या घरात सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी लोक यंत्राला शिव्या देत होते. दुसऱ्या दिवसापासून प्रणालीला.

बोलणी काय काय झाली, ते ऐकून मी थक्क झाले. पोरीच्या हातात यंत्र दिलं म्हणून असं झालं. सारखी बोटं घालते. पूजेचा नारळ फुटायच्या आधी तिनं यंत्र चालू केलं होतं, त्याची ही भोगावी लागतायत फळं. चालतं की नाही हे पूजेआधी बघायला नको का? की नारळ फोडून मग बघायचं? पण हे विचारणार कुणाला. सोनाबाईला बाजारात दोन बायकांनी तोंडावर सुनावलं. आणि धर्माजीनं जाहीर केलं, की रविवारी कमिटीची बैठक घेऊन प्रणालीला काढायचं आणि तिच्या जागी आपल्या पुतण्याला, रितेशला बसवायचं. रितेशला कॉम्प्युटरचं चांगलं समजतं, असं त्याचं म्हणणं.

प्रणाली संध्याकाळी माझ्याकडे आली. रडली नाही. ओटीवर बसून तिनं मला एकच गोष्ट सांगितली, की तिनं सगळे पोर्ट, सगळे नंबर पुन्हा पुन्हा तपासले, आणि तिचं कुठंही चुकलेलं नाही. मी तिला म्हटलं, चुकलं नसेल तर आपण बघायचं, की चालतं तेव्हा काय असतं आणि बंद पडतं तेव्हा काय असतं. दुसरं काही करायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच ऑफिसात जाऊन बाकावर बसले. चिठ्ठ्या जात होत्या. थोड्या वेळानं धर्माजी आला, मला बघून “काय केसरताय, इकडं कुठं?” असं विचारून आत गेला. पंखा लागला, यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ कारखान्याचा फोन, की चिठ्ठ्या येत नाहीत. जेवायच्या वेळेला तो केबिन बंद करून घरी गेला. जरा वेळानं चिठ्ठ्या पुन्हा निघायला लागल्या. प्रणालीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

तो परत आल्यावर मी केबिनीत गेले आणि म्हटलं, धर्मा, तुझ्या यंत्राचा नंबर जरा बघू दे. तो म्हणाला की त्याचं यंत्र उत्तम चालतंय, सोसायटीचा सगळा हिशोब त्याला दिसतोय, बिघाड बाहेर आहे आणि बाहेरच शोधा. त्याचं चालत होतं हे खरं. त्याला लागणारं मुख्य यंत्र त्याच्याच कोपऱ्यात होतं, त्यासाठी कुणाच्या हाती चिठ्ठी द्यावी लागत नव्हती. प्रणाली दारातून म्हणाली, की मी फक्त बघते, बदलत काही नाही. त्यावर तो माझ्याकडे बघत बोलला, तिच्याकडे नाही. “केबिनीतल्या यंत्राला त्या पोरीचा हात लागायचा न्हाय. आधीच केलंय तेवढं पुरे हाय.”

मला आयुष्यात राग फार वेळा आलेला नाही. मुलांना शिकवणाऱ्यानं तो बाळगूच नये. पण त्या वाक्यावर मी केबिनीचं दार आपटून बाहेर आले.

प्रणाली मात्र आपल्या टेबलाशी जाऊन बसली. यंत्राचा नंबर माणूस घालतो, तो बदलता येतो. पण प्रत्येक यंत्राला बनतानाच एक जन्मखूण मिळालेली असते, लांबलचक अक्षरं नि आकडे, ती सहसा बदलत नाही. प्रणालीनं आपल्या यंत्राला विचारलं, की एक नंबर म्हणून तुला जो उत्तर देतो, त्याची खूण काय? पडद्यावर खूण आली. मग ती उठून राऊटरच्या पाठीवरची चिकटवलेली पट्टी वाचून आली. दोन्ही खुणा वेगळ्या होत्या. धर्माजी केबिनीत होता तोपर्यंत एक नंबर म्हणून भलतंच कुणीतरी ओ देत होतं.

तिला वाटलं मी लगेच ओरडाआरडा करीन. मी म्हटलं, रविवारी.

रविवारची बैठक खालच्या हॉलमध्ये भरली. कमिटीची माणसं होती, पाच-सहा तांडेल होते, सोनाबाई मुलीशेजारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. धर्माजी टेबलामागच्या खुर्चीत, रितेश त्याच्या बाजूला. धर्माजीनं विषय मांडला, की पोरगी होतकरू आहे पण काम तिच्या आवाक्यातलं नाही, गावाचं नुकसान झालं, आता निर्णय घ्यावा. दोन-चार माना हलल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, निर्णय घ्या, पण त्याआधी माझ्याबरोबर एक खेळ खेळा. माडीवर पोरं खेळतात तोच.

कुरकुर झाली. पण इथल्या निम्म्या माणसांच्या पोरांना मी शिकवलंय, आणि काहींना स्वतःलाही. शेवटी सगळे तयार झाले. एका कोपऱ्यात निकेश आणि दोघं, म्हणजे ऑफिस. समोरच्या कोपऱ्यात रितेशला उभं केलं, तो बर्फाचा कारखाना. मधे सोनाबाई, तिचा नंबर एक. निकेशला म्हटलं, दहा लाद्यांची चिठ्ठी लिही आणि कारखान्याला पाठव. त्यानं चिठ्ठी सोनाबाईला दिली, तिनं ती नेऊन रितेशला दिली. निकेश म्हणाला, इतकं सोपं असेल तर खलाशी का रडतायत.

मग मी धर्माजीकडे वळले. “आता समज, धर्मा, तुझा नंबरही एक आहे. बसल्या जागेवरून उठू नकोस.” आणि निकेशला सांगितलं, आणखी चिठ्ठ्या पाठव, एक नंबरकडे.

निकेशनं सोनाबाईकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की मला त्याचाही राग आला. त्यानं चिठ्ठी नेऊन धर्माजीपुढं ठेवली. मग दुसरी. मग शेजारच्यानंही आपली ठेवली. रितेश समोर रिकाम्या हातानं उभा होता.

“मला कशाला देताय ह्या?” धर्माजी म्हणाला. “मी काय करू ह्यांचं?”

“तुझं यंत्रही हेच म्हणतंय,” मी म्हटलं. “गेले कित्येक दिवस.”

धर्माजीचा चेहरा उतरला, मग तापला. तो म्हणाला, की हा पोरखेळ आहे, त्याच्या यंत्राचा नंबर नऊ आहे, सगळ्या गावानं पूजेच्या दिवशी ऐकलाय.

तेव्हा रितेश हळूच म्हणाला, “काका, आपण तो बदलला ना. तुम्ही सांगितलात एक टाक म्हणून. रोज सकाळी पडद्यावर नंबराबद्दल काहीतरी पाटी येते, ती मी बंद करतो.”

पोरगा वाईट नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं, आणि जे विचारलं नव्हतं तेही शेवटी सांगितलं.

आता पुढं जे झालं, त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. धर्माजीनं खाकरून सांगितलं, की हो, बदलला. पाटलाच्या घरचा मान मागितला, चोरी केली नाही. आणि ज्यांनी मघाशी प्रणालीला काढायला माना हलवल्या होत्या, तेच लगेच म्हणायला लागले की बरोबर, चेअरमनला काय ठाऊक असणार, जाऊ दे, चूकभूल होते. सेक्रेटरी म्हणाला, तांत्रिक बिघाड झाला असं लिहू आणि विषय संपवू. आठवडाभर बिघाडाला एका मुलीचं नाव होतं. पाटलांचं नाव निघताच बिघाड तांत्रिक झाला. शेवटी धर्माजी म्हणाला, की झालं ते झालं, पण एक नंबर आता त्याच्याकडेच राहील, राऊटरला दुसरा द्या, आणि हे काम प्रणालीनं आजच्या आज करावं, बाहेर बोटी थांबल्यात.

मी बोलायला उठणार होते. प्रणालीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतः उभी राहिली.

“काका, आजच्या आज करून देते,” ती म्हणाली. “पण या बैठकीत माझं नाव घेतलंत, तर याच बैठकीत ते काढा. तुमच्या तोंडानं.”

धर्माजीनं इकडं तिकडं पाहिलं. कुणीतरी म्हणालं, पोरी, मोठ्या माणसाशी असं बोलू नये. प्रणाली उभीच राहिली. सोनाबाई मधल्या जागेवरून हललेली नव्हती. ती म्हणाली, “मोठं मानूस बोलंल ना. आमी आयकतो.”

बाहेर धक्क्यावरून कुणीतरी हाका मारत होतं. थांबलेल्या बोटींत एक पाटलांचीही होती, आणि ती रिकामी नव्हती. हे धर्माजीच्याही ध्यानात असणार. तो टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करत, त्यांच्याकडेच बघत बोलला. “बिघाड माझ्या केबिनीतला व्हता. पोरीचा न्हाय.”

“लिहून घ्या,” मी सेक्रेटरीला म्हटलं. त्यानं लिहिलं.

बैठक मोडल्यावर प्रणाली ऑफिसात गेली. मी मागोमाग गेले आणि तिला म्हटलं, की राऊटरचा नंबर बदललास तर ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला तो नव्यानं शिकवावा लागेल, अर्धा दिवस जाईल, आणि एका माणसाच्या हट्टापायी ते मला मुळीच मान्य नाही. ती म्हणाली, आत्या, बघ तर खरी. तिनं केबिनीत जाणारी तार ऑफिसच्या जोडणीतून काढली आणि राऊटरच्या त्या चौथ्या, रिकाम्या पोर्टला लावली. त्या पोर्टसाठी वेगळी मोजणी सुरू केली. तिथं राऊटरला शेवटचा नंबर दिला आणि धर्माजीच्या यंत्राला एक. थोड्याच वेळात कारखान्याचा फोन आला, की चिठ्ठ्या भराभर येतायत, जरा हळू सोडा.

धर्माजी येऊन केबिनीत बसला. रितेशकडून नंबर बघून घेतला. एकच होता. समाधानानं त्यानं चहा मागवला.

“त्या कोपऱ्यात दुसरं कोण आहे?” मी प्रणालीला विचारलं.

“कुनीच न्हाय,” ती म्हणाली. “एकटेच हायेत. आता त्यांनी कायपन बदललं तरी बंद पडंल ते त्यांचंच.”

गावात दुसऱ्या दिवसापासून वेगळीच बोलणी सुरू झाली. चेअरमननं केवढ्या मोठ्या मनानं कबूल केलं, पाटलांचं घराणंच तसं. बाजारात सोनाबाईला सुनावणाऱ्या त्या दोघींनी तिला काहीही म्हटलं नाही. सॉरी नाही, दुखवलं असेल तर राग मानू नको नाही, काही नाही. मी वाट पाहत राहिले. अजून पाहतेय.

प्रणाली ऑफिसातच आहे. पुढच्या रविवारी माडीवर खेळ मांडला, तेव्हा पोरांत एक नंबर कुणी व्हायचं यावरून ढकलाढकली झाली. मी त्यांना भांडू दिलं, आणि जो जिंकला त्याला मधे उभं करून सगळ्यांच्या चिठ्ठ्या पोहोचवायला लावल्या. पाच मिनिटांत तो घामाघूम झाला आणि म्हणाला, आत्या, मला नऊ दे.